मंगळभूमीवर यंत्रांची मुशाफिरी

पत्रिकेतील मंगळाची चर्चा आपल्याकडे घरोघर होत असते. आकाशातील मंगळाची ओळख मात्र बेताचीच असते. तांबूस रंगाचा हा ग्रह व्यासाने पृथ्वीच्या साधारण निम्मा असून त्याचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. तेथे मानवाने अद्याप पाऊल ठेवलेले नाही. तथापि १९९७ पासून मानवनिर्मित गाड्या त्या भूमीवर फिरल्या आहेत आणि २०२१ मध्ये एका लहानशा हेलिकॉप्टरने तेथील आकाशात उड्डाणही केले. कोट्यवधी किलोमीटर अंतरावरील ही यंत्रे चालविली जातात तरी कशी आणि त्यांना शोध कशाचा आहे, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

गाड्यांची परंपरा

अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेची ‘सोजर्नर’ ही जेमतेम साडेदहा किलो वजनाची गाडी ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरली. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही जोडी तेथे पोहोचली. या दोहोंचे आयुष्य ९० मंगळदिवसांचे धरण्यात आले होते. प्रत्यक्षात स्पिरिटने २०१० पर्यंत, तर ऑपॉर्च्युनिटीने २०१८ पर्यंत काम केले व ४५ किलोमीटरची मजल मारली. २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ उतरली. मे २०२१ मध्ये चीनची ‘झुरोंग’ ही गाडीही मंगळावर पोहोचली.

याच मालिकेतील ‘पर्सिव्हिअरन्स’, म्हणजे चिकाटी, ही सहा चाकांची, १,०२५ किलो वजनाची गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘जेझेरो’ नावाच्या विवरात उतरविण्यात आली. ही जागा विचारपूर्वक निवडलेली होती. सुमारे ४५ किलोमीटर रुंदीच्या या विवरात साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी एक सरोवर होते. त्यास येऊन मिळणाऱ्या नदीने गाळाचा त्रिभुज प्रदेश निर्माण केला होता, व त्याचे अवशेष आजही ओळखू येतात. जेथे दीर्घकाळ पाणी साचले आणि गाळ बसला, तेथे एके काळी सूक्ष्म जीव असतील तर त्यांच्या खुणा खडकात टिकून राहण्याचा संभव अधिक, हा त्यामागील विचार होय.

आज्ञा आणि कृती यांतील अंतर

या मोहिमांची खरी अडचण अंतराची आहे. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो. तरीही पृथ्वी व मंगळ यांच्या स्थितीनुसार त्यास एका दिशेने ३ ते २२ मिनिटे लागतात. पर्सिव्हिअरन्स उतरली त्या दिवशी हा काळ सुमारे ११ मिनिटांचा होता. तर वातावरणात शिरल्यापासून जमिनीवर टेकेपर्यंतचा सारा प्रवास अवघ्या ७ मिनिटांचा. म्हणजेच ‘यान वातावरणात शिरले’ ही वार्ता पृथ्वीवर आली, तेव्हा गाडीचे जे काही व्हावयाचे ते होऊन गेले होते. बंगळूरमध्ये जन्मलेल्या अभियंता स्वाती मोहन यांनी कॅलिफोर्नियातील नियंत्रण कक्षातून गाडी सुखरूप उतरल्याचे जाहीर केले, ते या कारणाने घडून गेलेल्या घटनेचेच वृत्त होते.

अशा स्थितीत सुकाणू हाती धरून गाडी हाकणे अशक्यच. म्हणून दिवसभराच्या कामाची आज्ञावली तयार करून ती एकदम पाठविली जाते. गाडी आपल्या कॅमेऱ्यांनी समोरची भूमी पाहते, तिचा संगणक दगडधोंडे व खड्डे टाळून वाट शोधतो आणि ताशी दीडशे मीटरच्या आतबाहेरच्या वेगाने ती पुढे सरकते. सायंकाळी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या मार्फत तिचा वृत्तांत येतो व त्यावरून दुसऱ्या दिवसाचा बेत ठरतो. प्रारंभीच्या काळात तर अभियंत्यांनी मंगळाचेच घड्याळ पाळले. रोज ४० मिनिटे उशिरा सुरू होणारी दिवसपाळी अडीच आठवड्यांत रात्रपाळी होऊन जाई.

विरळ हवेतील उड्डाण

या गाडीच्या पोटाशी बांधून ‘इन्जेन्युइटी’, म्हणजे कल्पकता, हे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर पाठविण्यात आले होते. त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी. मंगळावरील हवेची घनता पृथ्वीवरील हवेच्या सुमारे एक टक्का. आपल्याकडे ३० किलोमीटर उंचीवर असते तितकी ती विरळ आहे. गुरुत्वाकर्षण कमी असल्याचा लाभ होतो खरा, परंतु पाती ढकलतील अशी हवाच तेथे बेताची. यावर उपाय म्हणून टोकापासून टोकापर्यंत सुमारे १.२ मीटर भरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या उलट दिशेने, मिनिटाला सुमारे २,४०० फेरे या वेगाने फिरविण्यात आल्या.

१९ एप्रिल २०२१ रोजी हे यंत्र तीन मीटर उंच चढले आणि ३९ सेकंदांनी खाली उतरले. अन्य ग्रहावरील हे पहिलेच नियंत्रित, इंजिनाच्या बळावरचे उड्डाण. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या कापडाचा एक लहानसा तुकडा त्यावर लावलेला होता. पाच उड्डाणे झाली तरी पुरे, अशी मूळ अपेक्षा होती, झाली ७२. एकूण दोन तासांहून अधिक काळ ते हवेत राहिले आणि गाडीच्या पुढे जाऊन वाटेची छायाचित्रे काढणारा टेहळ्या बनले.

त्याच्या अखेरीतूनही बोध घेण्यासारखा आहे. मंगळास पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नसल्याने तेथे होकायंत्र निरुपयोगी ठरते. त्यामुळे हेलिकॉप्टर खालच्या जमिनीची भराभर छायाचित्रे घेई व दगड, भेगा यांसारख्या खुणांवरून आपला वेग आणि ठिकाण ताडत असे. १८ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात खाली होती ती जवळजवळ खुणाविरहित वाळू. चौकशीत आढळले की, नजर ठरावी असे काहीच नसल्याने वेगाचा अंदाज चुकला, यंत्र आडव्या गतीने वाळूच्या उंचवट्यावर आदळले व पाती मोडली. ही हानी प्रथम दिसली, ती त्यानेच टिपलेल्या आपल्या सावलीच्या छायाचित्रात.

कुपीबंद उत्तर

गाडीचे मुख्य काम खडकाचे नमुने धातूच्या कुप्यांत भरून ठेवण्याचे. ऑगस्ट २०२१ मधील पहिला प्रयत्न फसला. छिद्र पडले, कुपी मोहोरबंदही झाली, परंतु आत काहीच नव्हते. ठिसूळ खडकाचा भुगा होऊन गेला होता. सप्टेंबरमध्ये यश आले. पुढे दहा कुप्या खबरदारी म्हणून एका सपाट जागी मांडून ठेवण्यात आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गाडी विवराचा चढ चढून काठावर पोहोचली.

तत्पूर्वी, जुलै २०२४ मध्ये, प्राचीन नदीच्या पात्रात तिला एक ठिपकेदार खडक आढळला. पृथ्वीवर असे ठिपके काही वेळा सूक्ष्म जीवांच्या व्यवहारातून उमटतात. मात्र जीवांवाचून, निव्वळ रासायनिक क्रियेनेही ते उमटू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हणूनच ‘जीवसृष्टीची संभाव्य खूण’ एवढाच सावध शब्दप्रयोग करण्यात आला. निर्णय पृथ्वीवरील प्रयोगशाळेतच होऊ शकेल, आणि नमुने आणण्याची योजना तर वाढत्या खर्चामुळे अडलेली आहे.

गाडीने पाठविलेली छायाचित्रे नासा जनतेसाठी खुली करते. त्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. गावच्या शाळेतील विद्यार्थीही ती पाहू शकतो, चाकांच्या खुणा कोठवर गेल्या हे ताडू शकतो. पृथ्वीबाहेर कधी जीव नांदला होता काय, या प्रश्नाचे उत्तर कदाचित या गाडीने भरलेल्या एखाद्या कुपीत असेल. ती कुपी घरी आणण्याचे काम मात्र गाडीचे नव्हे. ते माणसांचे आहे.