वाळूच्या पोटातलं इंजिन

मेस्त्रींनी मूठभर वाळू घेतली, घट्ट आवळली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे जसेच्या तसे. मग गोळा मोडला. कड साफ तुटली. "जमलं," म्हणाले. ओलाव्याचा लॅबमधला आकडा नंतर आला, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तोवर साचे भरायला सुरुवात झाली होती.

शिरोली एमआयडीसीतली ही फाउंड्री. इथं ट्रॅक्टरच्या इंजिनाचे ब्लॉक ओततात. मी मात्र गेलो होतो डोक्यात एक इटालियन गाडी घेऊन: लॅम्बोर्गिनी ३५० जीटी. कोल्हापूरला गाड्यांचं कौतुक नवं नाही, दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक बघायला कशी झुंबड उडते ते ठाऊकच आहे. पण लॅम्बोर्गिनीचं मूळ राजवाड्यात नाही, रानात आहे.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा शेतकऱ्याचा पोरगा, १९१६ चा जन्म. महायुद्धात ऱ्होड्स बेटावर लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. युद्ध संपल्यावर सैन्याचं टाकाऊ सामान उचलून ट्रॅक्टर बनवले आणि १९४८ मध्ये त्याचीच कंपनी काढली. पैसा आला, तशा दारात फेरारी आल्या. त्यांच्या क्लचवरून एन्झो फेरारींशी वाजलं, अशी गोष्ट सांगतात. तिला मीठमसाला किती लागलाय देव जाणे. १९६३ मध्ये त्यानं बोलोन्याजवळच्या सांताआगातामध्ये मोटारींचा कारखाना काढला, एवढं मात्र पक्कं. आपल्याकडंही ओतकाम शेतीच्याच जोरावर वाढलं, ते उसाच्या चरकामुळं आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनामुळंच.

साच्याच्या खालच्या पेटीत आता कोअर बसवत होते. इंजिनात पाणी जिथून फिरतं ती पोकळी घडवतो तो हा कोअर. वाळूचाच, पण रेझिननं घट्ट केलेला. तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा दोघांनी तो ठेवला. जरा कलला, तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पापड. ज्याच्यावरून साचा घेतात तो पॅटर्नही मुळातच थोडा मोठा असतो, कारण बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आटतं.

लॅडल आली. तेराशे-चौदाशे अंशांचा रस. बोलणी थांबली. धार एकसारखी पाहिजे. मध्ये तुटली, तर थरावर थर बसतो आणि जोड राहतो. रायझरमधून रस वर आला तेव्हा मेस्त्रींनी हात वर केला.

फेरुच्चोचं बारा सिलिंडरचं इंजिन बीडाचं नव्हतं, अॅल्युमिनियमचं होतं. साडेतीन लिटरचं, जॉत्तो बिझ्झारिनीनं आखलेलं, स्वभावानं शर्यतीचं. मालकाला मात्र लांबच्या पल्ल्याला आरामात पळणारी गाडी हवी होती, म्हणून इंजिनिअर जानपाओलो दाल्लारानं ते सौम्य केलं. माझ्या मते खरी ग्रँड टूरिंग गाडी तिथं जन्मली. नुसता वेग काय, कुणीही काढेल.

साचे निवत होते तेव्हा मेस्त्रींना तुरिनची गोष्ट सांगितली. १९६३ च्या प्रदर्शनात पहिला नमुना, ३५० जीटीव्ही, मांडला. पण इंजिन बॉनेटखाली मावेना. मग वजनासाठी आत विटा भरल्या म्हणे आणि बॉनेट बंदच ठेवलं.

"माप चुकलं व्हय?" मेस्त्री हसले. "मग आमच्यागतच की!"

नंतर साचा फोडला. काळपट, वाळू चिकटलेला ब्लॉक बाहेर आला. मेस्त्रींनी हातोडीनं टकटक केली, कान लावला, एका कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथं अडकलेल्या वायूनं पडलेला हरभऱ्याएवढा ब्लो होल होता. त्यांनी खडूनं फुली मारली. ब्लॉक परत भट्टीत जाणार.

तिकडं १९६४ मध्ये ३५० जीटी विक्रीला आली. अशा सव्वाशेच्या आत गाड्या बनल्या. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर मात्र अजून निघतात.