चेन पुली जड लागतेय? दुसऱ्याला हाक मारण्याआधी हे वाचा

कोराडी : येथील महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा अवाढव्य यंत्रांच्या देखभालीत क्रेनचा हूक जिथे पोहोचत नाही, तिथे विजेशिवाय चालणारे एक साधे अवजार कामी येते. ते म्हणजे चेन पुली ब्लॉक, कामगारांच्या भाषेत 'चेन कुप्पी'. ट्रकचे गॅरेज असो, फॅब्रिकेशनचे दुकान असो की शेतात बोअरची मोटार काढायला उभी केलेली घोडी, सगळीकडे हीच कुप्पी दिसते.

सवयही सगळीकडे सारखीच. साखळी जड लागली की 'ये रे, जरा हात लाव' म्हणून दुसऱ्याला बोलावले जाते. धोका इथूनच सुरू होतो.

एकट्याचीच ओढ का?

1 टनाची कुप्पी पूर्ण भार साधारण 30 ते 40 किलोच्या ओढीवर उचलते. हे बळ आतले गिअर वाढवतात. त्याच्या बदल्यात भार 1 मीटर वर न्यायला हातसाखळी तीस-चाळीस मीटर ओढावी लागते. म्हणजे माणसाची ओढ हाच इथला वजनकाटा. एकट्याला जमेना, तर भार क्षमतेपेक्षा जास्त आहे, एखादा बोल्ट काढायचा राहिला आहे किंवा आत काहीतरी अडकले आहे. दोघे लटकले तर जादा बळ थेट साखळी, हूक आणि वरच्या बीमवर जाते. मोठ्या क्षमतेच्या कुप्पीला दोन माणसे लागू शकतात, पण ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहायचे, अंदाजाने ठरवायचे नाही.

टक-टक आवाज कशाचा?

हात सोडला तरी भार खाली येत नाही, कारण आत रॅचेट, खटका आणि घर्षणाच्या चकत्या असतात. भाराचे वजनच या चकत्या आवळून धरते. भार वर जाताना येणारी टक-टक खटक्याची असते. ती थांबली, तर काम थांबवा.

बहुतेक कुप्प्यांत या चकत्या कोरड्या ठेवायच्या असतात. 'ग्रीस मारा, मऊ चालेल' असा सल्ला देणारे उस्ताद प्रत्येक गॅरेजात भेटतात. पण ब्रेकवर ग्रीस गेले की भार घसरू शकतो. तेल हवे ते भार उचलणाऱ्या साखळीला. तिथेही राख आणि कोळशाची धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी कड्या घासते. म्हणून आधी साखळी स्वच्छ पुसायची, मग हलके तेल.

उचलण्याआधी पाच मिनिटे

आधी क्षमतेचा शिक्का वाचा. वाचता येत नसेल तर ती कुप्पी वापरू नका. मग हूक पाहा. तोंड फाकलेले, पीळ पडलेला किंवा लॅच तुटलेली असेल तर ती बाजूला. हूक गरम करून ठोकून सरळ करणे हा उपाय नाही, त्याने पोलादाचा कस जातो. साखळीची कडी न् कडी बोटांनी चाचपा. ताणलेली, चिरलेली, झिजलेली कडी आणि साखळीचा पीळ इथेच सापडतो. दोन पदरी कुप्पीत खालचा हूक साखळीतून उलटून गेलेला असतो, हे नवख्याच्या लक्षातच येत नाही.

भार उचलणारी साखळीच वस्तूभोवती गुंडाळू नका, त्यासाठी स्लिंग वापरा. स्लिंगचे दोन पाय जितके फाकतील तितका ताण वाढतो. त्यांच्यातला कोन 120 अंश झाला की 1 टनाच्या भारासाठी प्रत्येक पायावर 1 टन ताण येतो. कुप्पी भाराच्या बरोबर वर हवी, तिरकी ओढ नको.

आता भार चार बोटे उचला आणि थांबा. तो खाली सरकत नाही ना, हे पाहून मगच पुढे न्या. खाली कोणीही उभे राहायचे नाही.

कारखान्यांतील अशा साधनांची सक्षम व्यक्तीकडून किमान 12 महिन्यांतून एकदा सखोल तपासणी आणि तिची नोंद, हा नियम कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 पासून चालत आला आहे. घोडीवरच्या कुप्पीला मात्र असे रजिस्टर क्वचितच असते. तिथे तपासणारा तोच, जो साखळी ओढणार आहे. बाद ठरलेली कुप्पी कोपऱ्यात टाकून देऊ नका. तिला लाल पट्टी बांधून कुलपात ठेवा, नाहीतर पुढच्या पाळीतला कोणीतरी तीच उचलून नेतो.