ओळ उशिरा का येते?

दिवाळीच्या आधीचे दिवस जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड वस्त्यांवर दंडारीचे असतात. मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले गुसाडी नर्तक, अंगाला फासलेली राख, ढोलाचा ठेका, आणि एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला पाहुणी जायची ती रीत. मार्लवाईच्या कनक राजूंना गुसाडी नृत्यासाठी २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. अशी माणसं गेली की जुनी चित्रणं शोधली जातात. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, पण ऐंशी-नव्वदच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं जे टिपलं गेलं ते टेपवर: व्हीएचएस, यू-मॅटिक, बीटाकॅम, नंतर डीव्हीकॅम. त्या टेपा स्टुडिओंच्या कपाटांत, अभ्यासकांच्या पेट्यांत आणि संस्थांच्या माळ्यांवर पडून आहेत.

त्यांना नुसतं संगणकात उतरवून भागत नाही. इथल्या एकाच चित्रणात गाणं गोंडीतलं, अधिकाऱ्याचं भाषण तेलुगूतलं, बाजारातली घासाघीस मराठीतली आणि मधली थट्टा दखनी उर्दूतली असते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. पैनगंगा ही सीमा झाली, सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर तशाच राहिल्या. बेला-जैनद भागातल्या मराठी घरात दंडारीचं गाणं कळायला पडद्याखाली मराठी ओळ लागते, निर्मलच्या घरात तेलुगू. ज्याला ऐकूच येत नाही त्याला तर प्रत्येक घरात लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे आणि टीव्ही कार्यक्रमांसाठी कॅप्शनची मानकं माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये काढली. त्याच्याही बरंच आधी, १९९६ पासून, अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी द्याव्यात म्हणून धडपडत होते, म्हणजे पाहता पाहता लोकांचं वाचन सुधारेल. झी टॉकीजवर मराठी चित्रपटांना मराठीच ओळी देण्याचा त्यांचा प्रयोगही झाला.

या सगळ्याचा जीव एका गोष्टीत आहे: ओळ वेळेवर यायला हवी. अर्धा सेकंद उशीर झाला तरी डोळ्यांना टोचतं आणि दोन सेकंद झाला तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी जातं. टेपवरून कॅप्शन करताना ही वेळ सांगणारं यंत्र म्हणजे टाइमकोड रीडर. संगणकात बसवायचं एक कार्ड किंवा यूएसबीला जोडायची छोटी पेटी. ओळी सरकल्या की सगळा राग त्या पेटीवर निघतो. माझं म्हणणं असं की पेटी क्वचित बिघडते. बिघडतो तो तिच्यापर्यंत येणारा सिग्नल, नाहीतर तिने सांगितलेल्या आकड्याचा सॉफ्टवेअरने लावलेला अर्थ. कुठे बिघडलं ते शोधायला पेचकस लागत नाही, उशिराचा स्वभाव ओळखावा लागतो.

आधी टाइमकोड म्हणजे काय ते पाहू. टेपवरच्या प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. अमेरिकेतल्या ईईसीओ कंपनीने १९६७ मध्ये व्हिडिओ टेपसाठी ही पद्धत आणली आणि पुढे एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेने तिचं प्रमाण ठरवलं. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. प्रत्येक फ्रेमसाठी ८० बिट लिहिले जातात: २६ वेळेचे, ३२ वापरणाऱ्याच्या नोंदींसाठी मोकळे, ६ खुणांचे आणि शेवटचे १६ फ्रेम संपल्याची वर्दी देणारे. त्या १६ मध्ये सलग बारा वेळा एक येतो. इतके सलग एक बाकी कुठेच येत नाहीत, म्हणून रीडरला फ्रेमचा शेवट नेमका कळतो आणि टेप उलटी फिरतेय की सुलटी हेही कळतं.

हे ८० बिट आवाजासारखे टेपच्या लांबीने लिहिले की त्याला एलटीसी म्हणतात. तो ऐकूही येतो. डेकच्या, म्हणजे टेप वाजवणाऱ्या यंत्राच्या, टाइमकोड आउटला हेडफोन लावून पाहा: एकसुरी, खरखरीत, रातकिड्यासारखी किरकिर. शून्यासाठी १००० हर्ट्झ आणि एकासाठी २००० हर्ट्झ अशा लहरींची ती सरमिसळ असते. एकदा कानात बसली की निदानाचं निम्मं काम कानच करतात. किरकिर स्वच्छ असेल तर डेक आणि टेप ठीक. मध्येच पुसट होत असेल तर हेड मळलंय किंवा टेपची कड चुरगळली आहे, कारण बीटाकॅमवर हा मार्ग कडेलाच असतो आणि टेपला पहिली झळ कडेला लागते. किरकिरीखाली जाड गुणगुण असेल तर ती घरच्या विजेची, ५० हर्ट्झची. डेक आणि संगणक एकाच बोर्डावर घेतले की बहुधा ती जाते.

या लहरींची एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला लहर पालटते, आणि बिट एक असेल तर मध्ये आणखी एकदा पालटते. अर्थ असतो तो पालटण्यात, वर-खाली असण्यात नसतो. म्हणून केबलच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तरी रीडर बरोबर वाचतो. एखादी तार तुटली तर मात्र आवाज अर्धा होतो किंवा जातो. तारा उलट झाल्या असतील म्हणून केबलला पुन्हा डाग देत बसण्यात वेळ घालवू नये, केबल हलवून आकडा अडखळतो का ते पाहावं.

दंडारीसारख्या चित्रणात या टप्प्यावर एक वेगळीच अडचण येते. साध्या कॅमेऱ्यात टाइमकोडची वेगळी सोय नसेल तर एका ऑडिओ ट्रॅकवर माइक आणि दुसऱ्यावर टाइमकोड घेण्याचा प्रघात होता. शेजारी ढोल वाजत असतील तर त्यांचा दणका टाइमकोडच्या ट्रॅकमध्ये पाझरतो, आणि नेमक्या जोरकस ठेक्यांना रीडरचा आकडा गोठतो. नाच थांबला की आकडा पुन्हा सुरळीत. पाहणाऱ्याला वाटतं यंत्र तापलंय. त्यातच कॅमेऱ्याचं आपोआप आवाज सांभाळणारं सर्किट चालू राहिलं असेल तर त्याने किरकिरीची उंची सतत बदललेली असते. यावर उपाय रीडर बदलण्याचा नाही. टाइमकोडच्या मार्गातलं डॉल्बी आणि इक्वलायझर बंद करावं, पातळी हळूहळू वाढवत आकडा स्थिर होईल तिथे थांबावं. तरीही अडखळत असेल तर सिग्नल टाइमकोड जनरेटरमधून नव्याने घडवून घ्यावा. जनरेटर वाचता येणाऱ्या आकड्यावर स्वतःला जुळवतो आणि मधल्या फटी स्वतःच्या मोजणीने भरतो. नुसती प्रत काढली तर झिजलेली लहर आणखी झिजते.

एलटीसीची दुसरी मर्यादा म्हणजे टेप थांबली की तो मुका होतो. हेडपुढून टेप सरकली नाही तर लहर उठणार कुठून? ओठांची हालचाल पाहायला आपण टेप एका फ्रेमवर धरतो आणि नेमका तेव्हाच आकडा शिळा असतो. त्यासाठी व्हीआयटीसी हा दुसरा प्रकार आहे. तो चित्राच्या वरच्या न दिसणाऱ्या रेषांत, पालमध्ये बहुधा १९ आणि २१ व्या रेषेवर, दोनदा लिहिलेला असतो. फिरतं हेड तो चित्राबरोबरच वाचतं, म्हणून थांबल्या चित्रातही मिळतो. टेप वेगाने पळवली की मात्र तो हरवतो आणि एलटीसी तग धरतो. चांगले डेक आणि रीडर दोन्ही वाचून आपोआप निवड करतात, त्यामुळे निवडीचा स्विच ऑटोवर आहे ना ते आधी बघावं. मधे चित्र स्थिर करणारं टाइम बेस करेक्टर जोडलं असेल तर काही यंत्रं त्या रेषा कोऱ्या करून पुढे पाठवतात. चित्र सुरेख आणि व्हीआयटीसी गायब, असं झालं की रीडरची केबल करेक्टरच्या आधी जोडून पाहावं.

आता उशिराच्या स्वभावाकडे येतो, कारण खरी उकल तिथे आहे.

उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर सिग्नल निरोगी आहे. तो दोन-तीन फ्रेमचा असेल तर मार्गातलं अंतर समजावं. एलटीसीची फ्रेम पूर्ण वाचून झाल्यावरच तिचा क्रमांक कळतो, चित्र मात्र करेक्टर आणि सपाट पडद्यात थोडं रेंगाळतं, आणि टाइमकोड सरळ केबलने आधी पोचतो. सॉफ्टवेअरमध्ये तेवढं अंतर एकदा भरलं की काम झालं. तोच उशीर नेमका एक तास किंवा दहा तास असेल तर घाबरूच नये. व्यावसायिक टेपवर कार्यक्रम ०१:००:००:०० किंवा युरोपीय रिवाजाप्रमाणे १०:००:००:०० ला सुरू होतो आणि आपण ओळी शून्यापासून लिहिलेल्या असतात. ईबीयू या युरोपीय प्रसारण संघाच्या एसटीएल या कॅप्शन फाइलमध्ये कार्यक्रमाच्या आरंभवेळेसाठी खास रकानाच आहे. तो कोरा सोडण्याची सवय फार लोकांना आहे.

उशीर वाढत जात असेल तर फ्रेमच्या मोजणीत घोळ आहे. टेप २५ ची आणि सॉफ्टवेअर २४ वर असेल तर तासाभरात दोन मिनिटांहून जास्त फरक पडतो. परदेशातून आलेल्या काही टेपांवर २९.९७ चा हिशेब असतो. तिथे ३० धरले तर तासाला ३.६ सेकंद, म्हणजे १०८ फ्रेम सरकतात. त्यासाठी ड्रॉप-फ्रेम पद्धत आहे: दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. क्रमांक गळतात, चित्र एकही गळत नाही. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास घसरण दिसली की दुसरीकडे शोधूच नये.

उशीर उड्या मारत असेल तर दोष बहुधा टेप भरतानाचा असतो. दंडारीचं चित्रण रात्र रात्र चालतं. कॅमेरावाला बॅटरी बदलतो, मागचं थोडं पाहतो, टेप चार सेकंद पुढे जाते आणि मधे कोरी जागा राहते. बरेच डीव्ही कॅमेरे कोऱ्या जागेनंतर आकडा शून्यापासून सुरू करतात. मग एकाच टेपवर ००:०४:१२:०० दोनदा येतो. एकदा गुसाडी अंगणात येतात तेव्हा आणि एकदा पहाटे लोक जेवायला बसतात तेव्हा. सॉफ्टवेअर बिचारं पहिली ओळ दुसरीकडेही दाखवतं. अशी टेप दुरुस्त होत नाही. ती नव्या, सलग टाइमकोडवर उतरवूनच घ्यावी लागते.

आणि दर वेळी कॅसेट घातली की उशीर नवाच निघत असेल, तर डेक टाइमकोड देतच नाहीये. डेकच्या तोंडावरचा स्विच सीटीएलवर असेल तर दिसतो तो नुसता काउंटर, आणि तो कॅसेट बदलली की शून्य होतो. घरगुती व्हीएचएसमध्ये तर काउंटरच असतो, टाइमकोड नसतोच. लग्नाच्या किंवा जत्रेच्या व्हीएचएसवर रीडर काही दाखवत नाही म्हणून तो दुरुस्तीला पाठवू नका. ती टेप आधी संगणकात घ्या आणि वेळ फाइलवरून मोजा.

राहिला संगणकाकडचा भाग. सोनीच्या डेकमागचं नऊ पिनांचं सॉकेट संगणकाच्या जुन्या सीरियल पोर्टसारखंच दिसतं, केबल बसतेही, पण तिथे आरएस-४२२ चालतं, संगणकात आरएस-२३२. मधे कन्व्हर्टर लागतोच. वेग ३८,४०० आणि पॅरिटी विषम ठेवायची, आणि डेकचा स्विच रिमोटवर आहे ना तेही पाहायचं. तो लोकलवर राहणं हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष आहे. यूएसबीचा कन्व्हर्टर दुसऱ्या खोबणीत लावला की विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक देतं आणि सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत बसतं. जुन्या पीसीआय कार्डांचं दुखणं वेगळं: कार्ड ठणठणीत असतं, पण त्याचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. अशा वेळी एखादा जुना संगणक त्याच कामासाठी राखून ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. ओळींच्या जागी चौकोन दिसत असतील तर तो वेळेचा प्रश्नच नव्हे, फॉन्टचा आहे. याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांमधली गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१८ साली आली, त्यामुळे आता गोंडी ओळ गोंडी लिपीत देता येते, फक्त फॉन्ट हाताशी हवा.

आदिलाबादच्या बाजारात टाइमकोडचं कार्ड मिळत नाही. नागपूर दोनशे किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेवर, आणि तिथेही ते मागवावंच लागतं. म्हणून रीडर खरंच गेला असेल तर एक सोपी वाट आहे. एलटीसी शेवटी आवाजच, तेव्हा तो साउंड कार्डच्या लाइन-इनला द्यायचा आणि आवाजावरून टाइमकोड वाचणारं सॉफ्टवेअर वापरायचं. माइकच्या भोकात मात्र घालू नये, पातळी फाटते. विंडोज आवाजातला गोंगाट आपणहून कमी करतं ते बंद करावं, नाहीतर ते आपल्या किरकिरीलाच गोंगाट समजून पुसून टाकतं.

दुरुस्तीनंतर खात्री करायला टेपच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन जागा निवडा, जिथे टाळी, ढोलाची थाप किंवा दार लावल्याचा आवाज स्पष्ट आहे. प्रत्येक जागी एक ओळ घालून पाहा. तिन्ही जागी ओळ थापेबरोबर उठली तर काम झालं. मग फाइलच्या नावातच फ्रेमचा वेग आणि आरंभवेळ लिहून ठेवा आणि कॅसेटच्या डबीवरही तेच लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून करावं लागणार नाही.