लिनक्सवरचं यूएसबी कार्ड का रुसतं?

जुन्या संगणकाच्या पीसीआय-एक्सप्रेस खाचेत यूएसबी ३.० चं कार्ड बसवलं की काम झालं, असं वाटतं. बहुतेकदा होतंही, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्सएचसीआय ड्रायव्हर आधीच असतो. पण बाह्य हार्डडिस्क मधेच गायब होऊ लागली, तर आधी कार्डाच्या वीजजोडणीकडे बघा. यूएसबी ३.० चं एक पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट देऊ शकतं. चार पोर्टांचे झाले १८ वॉट. लहान खाचेतून एवढी वीज मिळेलच असं नाही, म्हणून अनेक कार्डांवर वेगळा सॉकेट असतो. तो रिकामा ठेवू नका.

मग चिप कोणती ते पाहा. टर्मिनलवर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की तिचं नाव कळतं. रेनेसासच्या यूपीडी७२०२०१ चिपची गोष्ट बघण्यासारखी आहे. काही कार्डांवर तिचं फर्मवेअर साठवणारी मेमरीच नसते, त्यामुळे ते दर वेळी संगणकानेच भरवावं लागतं. ही सोय कर्नलमध्ये २०२० साली, ५.८ आवृत्तीत आली. फर्मवेअरची फाइल मात्र डिस्कवर हवी; ती नसेल तर 'डीमेसेज'च्या नोंदींत तक्रार दिसते.

वीज वाचवण्यासाठी रिकामं उपकरण झोपवणारी ऑटोसस्पेंडची सोयही कधी नडते. तेवढ्या एका उपकरणापुरती ती बंद करून बघा. आणि कार्ड एकाच लेनचं असेल, तर चारही पोर्टांना मिळून सेकंदाला जेमतेम ५०० मेगाबाइट मिळतात. दोन वेगवान डिस्क एकदम चालवल्या तर दोन्ही मंदावणारच. तो बिघाड नव्हे.