बटण दाबल्यानंतर काय? – विज्ञान केंद्राच्या शालेय सहलीविषयी

सहलीवर व्याख्यान आहे हे वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. शाळेची सहल म्हणजे संमतीपत्रं, बसचं भाडं, डबे, उलटीच्या गोळ्या आणि परत येताना गाण्याच्या भेंड्या. त्यात समजून घेण्यासारखं काय आहे?

मी सगळ्या सहलींबद्दल बोलणार नाहीये. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे. जिथे वस्तूंना हात लावायची नुसती परवानगी नसते, हात लावणं हेच अपेक्षित असतं, अशा ठिकाणच्या सहलीबद्दल मी बोलणार आहे. आणि त्यातही मुख्यतः त्या मुलांबद्दल, जी अशा ठिकाणी शाळेबरोबर एकदाच येतात. वरळीत राहणारं मूल आईबाबांबरोबर पुन्हा येऊ शकतं. एखाद्या तालुक्याच्या गावाहून पहाटे चारला निघालेल्या बसमधलं मूल बहुधा येणार नाही. त्याची बस अकराला पोचते आणि दोनला निघते, कारण त्याच दिवशी राणीची बाग आणि गेटवेही उरकायचं असतं. म्हणजे हातात तीन तास. या तीन तासांत नेमकं काय होतं आणि काय होऊ शकतं, एवढाच आजचा विषय.

आधी थोडा इतिहास, कारण त्यातच अडचणीचं मूळ आहे.

संग्रहालय म्हटलं की ‘हात लावू नये’ ही पाटी ठरलेली. ती काढून टाकण्याचा मोठा प्रयत्न जर्मनीत म्युनिकला झाला. ऑस्कर फॉन मिलर या अभियंत्याने 1903 साली डॉइचेस म्युझियमची स्थापना केली आणि 1925 मध्ये ते ईझार नदीतल्या बेटावरच्या इमारतीत गेलं. तिथे लोक दांडा फिरवून, कळ दाबून यंत्रांच्या प्रतिकृती चालवू लागले. पॅरिसला 1937 साली पॅले द ला देकूव्हेर्त सुरू झालं, तिथे प्रेक्षकांसमोर खरे प्रयोग करून दाखवू लागले. पण आज आपण ज्याला विज्ञान केंद्र म्हणतो, त्याच्यावर सगळ्यात मोठा ठसा आहे तो फ्रँक ओपनहायमर यांचा.

हे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, या कारणावरून 1949 साली त्यांना विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. मग हा माणूस कोलोरॅडोत गुरं पाळू लागला. पुढे तिथल्याच एका लहान गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची संधी मिळाली. शाळेत उपकरणं कुठली असणार? त्यांनी मुलांना गावाच्या भंगारात नेलं. मोडक्या गाड्यांचे भाग काढून त्यावर उष्णता, वीज, यांत्रिकी शिकवली. मला विचाराल तर विज्ञानाची पहिली खरी सहल तीच. (हशा) नंतर विद्यापीठाची दारं पुन्हा उघडली. तिथे त्यांनी प्रयोगांची उपकरणं ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी मांडून ठेवली, ज्याला वाटेल त्याने यावं आणि करून बघावं. युरोपातली संग्रहालयं पाहून आल्यावर 1969 साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडलं.

आपल्याकडेही हे काही फार उशिरा आलं नाही. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय 1959 चं. त्यांनी 1965 पासून प्रदर्शन गाडीत घालून शाळांच्या दारात न्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद 1978 साली स्थापन झाली. मुंबईत इमारतीच्या आधी बाग झाली. 1979 हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष, त्या वर्षी वरळीत झाडांखाली कप्प्या, तरफा, झोके मांडलेलं विज्ञान उद्यान सुरू झालं आणि मुख्य केंद्र 1985 मध्ये.

आता अडचण कुठे आहे ते बघा. ओपनहायमर यांची कल्पना भटकणाऱ्या माणसासाठी होती. आवडेल तिथे थांबा, कंटाळा आला की पुढे जा, वाटलं तर परत या. तिथे कोणी नापास होत नाही, यावर त्यांचा भर असे. आणि आपली शाळेची सहल म्हणजे? रांग, शिट्टी, हजेरी, “चला चला, पुढे सरका, मागच्यांना बघू द्या”. मोकळ्या फिरण्यासाठी केलेल्या जागेत आपण कवायत घेऊन जातो. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पंचेचाळीस मुलं परक्या शहरात सांभाळायची म्हणजे काय, हे ज्याने सांभाळलीत त्यालाच विचारा.

पण साधा हिशेब मांडू. समजा एका दालनात चाळीस मांडण्या आहेत आणि वर्गाला तिथे एक तास मिळाला. ‘सगळं बघून घ्या’ असं सांगितलं तर एकेका मांडणीला दीड मिनिट आलं, त्यात चालणंही आलं. मागे रांग उभी असते. म्हणजे हातात उरले तीस-चाळीस सेकंद. तेवढ्यात बटण दाबता येतं, दिवा लागतो, चाक फिरतं, मूल “ए भारी!” म्हणतं आणि पळतं. आनंद झाला, यात वाद नाही. आणि आनंद ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण बटण दाबल्यावर जे झालं त्याकडे दुसऱ्यांदा बघायला वेळच नव्हता.

दुसऱ्यांदा बघितल्यावर काय होतं, ते एकाच मांडणीवरून सांगतो. रंगीत सावल्या. अनेक विज्ञान केंद्रांत ही असते. पांढरा पडदा, समोर थोड्या थोड्या अंतरावर तीन दिवे – लाल, हिरवा, निळा. तिन्ही लागले की पडदा पांढरा दिसतो. हा पहिला धक्का. मूल पुढे जाऊन हात धरतं. काळी सावली पडायला हवी, पडते रंगीत. एक पिवळी, एक गुलाबी, एक मोरपंखी. दुसरा धक्का.

हे का होतं? हात निळ्या दिव्याच्या वाटेत आला की पडद्याच्या त्या भागावर निळा प्रकाश पोचत नाही, पण लाल आणि हिरवा पोचतात. लाल आणि हिरवा प्रकाश मिळून आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. हिरवा अडला तर उरतात लाल आणि निळा, ते मिळून गुलाबी, म्हणजे मॅजेन्टा. लाल अडला तर हिरवा-निळा मिळून मोरपंखी. म्हणजे सावली ही ‘काहीच नाही’ अशी जागा नसून ‘एक वजा झालेली’ जागा आहे. चित्रकलेच्या तासाला लाल आणि हिरवा रंग कालवला की मळकट तपकिरी होतो हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. इथे पिवळा कसा? रंग कालवताना प्रत्येक रंग आणखी प्रकाश गिळतो, आणि इथे पडद्यावर प्रकाशात प्रकाशाची भर पडते. त्या दोन क्रिया वेगळ्या आहेत. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळाही असाच, लाल आणि हिरव्या ठिपक्यांतून झालेला असतो.

आता खरी मजा. हात पडद्याच्या अगदी जवळ नेला की तिन्ही सावल्या एकमेकींवर चढतात आणि मधोमध काळी सावली दिसते, कारण तिथे तिन्ही दिवे अडलेत. हात मागे घेतला की सावल्या वेगळ्या होतात. आणि दोन सावल्या अर्धवट एकमेकींवर आल्या तर? पिवळ्या सावलीवर गुलाबी सावली चढली तर कोणता रंग येईल? मुलं हमखास म्हणतात, नारिंगी. करून बघा. लाल येतो. कारण पिवळ्यात निळा आधीच वजा आहे, गुलाबीत हिरवा वजा आहे. दोन्ही वजा झाले, उरला लाल.

या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागतात. दीड मिनिटात पिवळ्या सावलीच्या पुढे कोणी जात नाही.

मग प्रश्न येतो की हे मुलांना सांगावं कधी? आपल्याकडची सवय अशी की मूल हात पुढे करायच्या आतच गाइड किंवा सर सांगून मोकळे होतात, “बघा मुलांनो, इथे तीन प्राथमिक रंग आहेत…” झालं! हात धरायचं कारणच संपलं. मुलं मान डोलावतात, एक जण हात धरतो, सरांनी सांगितलं ते बरोबर होतं हे कळतं आणि सगळे पुढे. स्पष्टीकरण चुकीचं नसतं, ते चुकीच्या वेळी येतं.

एक्सप्लोरेटोरियममध्येच जोश गुटविल आणि स्यू अ‍ॅलन या संशोधकांनी यावर फार सुंदर काम केलं आहे. त्यांनी लोकांना एक खेळ शिकवला. त्याला आपण ‘रसाळ प्रश्न’ म्हणू. मांडणी थोडा वेळ हाताळायची, मग सगळ्यांनी थांबून एक प्रश्न ठरवायचा. अट अशी की त्याचं उत्तर गटातल्या कोणालाच माहीत नसावं आणि ते त्या मांडणीवरच शोधता यावं. ‘प्रकाशाचा वेग किती?’ हा रसाळ प्रश्न नाही, कारण तो तिथे मोजता येत नाही. ‘पिवळ्यावर गुलाबी आली तर?’ हा रसाळ. उत्तर शोधून झालं की काय कळलं ते एकमेकांना सांगायचं. बस्स, एवढाच खेळ. हा खेळ शिकलेल्या कुटुंबांनी, न शिकलेल्यांच्या तुलनेत, ‘आपण असं करून बघू’ हे आधी सुचवणं आणि ‘याचा अर्थ असा’ हे नंतर मांडणं, या दोन्ही गोष्टी जास्त केल्या. शाळेच्या गटांबरोबरही त्यांनी पुढे हे करून पाहिलं. मला यातलं आवडतं ते असं की शिक्षकाला विज्ञानातलं सगळं येत असण्याची गरज त्यात नाही. उलट, त्यालाही उत्तर माहीत नसलं तर प्रश्न जास्त रसाळ.

आणखी एक संशोधन सांगतो. ते 1978 चं आहे, पण दर सहलीच्या आधी आठवावं असं. जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना शिकण्यासाठी रानात नेलं. काही मुलांना तसला परिसर ओळखीचा होता, काहींना अगदी नवा. नव्या मुलांनी ठरवलेला धडा कमी शिकला, कारण त्यांचं लक्ष आधी ती जागाच समजून घेण्यात गुंतलं होतं. विचार करा, यात आश्चर्य काय? मूल पहिल्यांदा मुंबई बघतंय, पहिल्यांदा एवढी मोठी इमारत बघतंय. संडास कुठे आहे, डबा कधी खायचा, बस चुकली तर काय, हे प्रश्न त्याच्या डोक्यात न्यूटनच्या आधी येतात. म्हणून सहलीच्या आधीच्या तासाला न्यूटनचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा फळ्यावर त्या जागेचा नकाशा काढा. दार इथे, पाणी इथे, इतक्या वाजता जेवण, हरवलात तर या ठिकाणी उभे राहा. आणि पोचल्यावर पहिली वीस मिनिटं मुलांना नुसतं फिरू द्या. तो वेळ वाया गेला असं वाटतं, पण पुढची दोन दालनं त्याच्या जिवावर होतात.

त्यानंतर चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला सांगा, सहा मांडण्या निवडा, बाकीच्या राहिल्या तरी चालतील. तासात सहा म्हणजे एकेकीला दहा मिनिटं. पालकांना वाटेल पैसे फुकट गेले, सगळं दाखवलंच नाही. त्यांना रंगीत सावल्यांची गोष्ट सांगा.

गट करताना एक लक्ष ठेवा. दांड्यापाशी कोण उभं आहे? मी बघत आलोय, गर्दीत दोन धटिंगण मुलगे चाक फिरवतात आणि मुली मागे वही घेऊन पाटीवरचा मजकूर उतरवतात. ‘मुलींना रस नाही’ म्हणून नाही, जागाच मिळत नाही म्हणून. आणि वहीत उतरवायला आपणच सांगितलेलं असतं! पाटीवरचा मजकूर उतरवण्याचं ते काम आधी बंद करा. पाटी घरी आणून मूल काय करणार? त्याऐवजी एक पान द्या, त्यावर दोनच ओळी: आम्हाला काय वाटलं होतं, आणि काय झालं.

वेळ संपत आली आहे. दोन प्रश्न आलेत ते घेतो.

पहिला प्रश्न: “याचा परीक्षेत काय उपयोग?” थेट गुणांत उपयोग होईल असं मी म्हणणार नाही. पण प्रकाशाचा धडा शिकवताना “त्या दिवशी सावली पिवळी का पडली?” असं विचारता येतं आणि अर्धा वर्ग हात वर करतो. त्यासाठी सहल धड्याच्या आधी काढावी. आपण नेमकी उलटी काढतो, अभ्यासक्रम संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत बक्षीस म्हणून.

दुसरा प्रश्न एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा आहे: “आमच्याकडून मुंबईची सहल होत नाही, आम्ही काय करायचं?” बाई, एक तर विज्ञान केंद्रांच्या फिरत्या बस असतात, त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत जवळच्या केंद्राला पत्र पाठवा. आणि पत्राचं उत्तर येईपर्यंत तीन रंगीत एलईडी बल्ब आणा, लाल, हिरवा, निळा. आपण झिरोचे बल्ब म्हणतो ते. एका फळकुटावर वीतभर अंतराने होल्डर बसवून घ्या, वायरिंग मात्र माणसाकडून करून घ्या, मुलांना करायला देऊ नका. खोली चांगली अंधारी हवी, भिंत पांढरी हवी. हिरवा बल्ब बहुतेक वेळा जास्त उजेड देतो, आणि भिंत हिरवट दिसते. तसं झालं तर तो होल्डर थोडा मागे सरकवा, भिंत पांढरी दिसेपर्यंत. मग मुलांना बोलवा, आणि पहिली पाच मिनिटं काहीही सांगू नका.