स्वमग्न मुलांसाठीच्या शैक्षणिक तंत्रज्ञानाची सहभागी रचना

स्वमग्न मुलांसाठीच्या शैक्षणिक तंत्रज्ञानाची सहभागी रचना म्हणजे या मुलांसाठी संगणकीय खेळ, ॲप किंवा अन्य शिक्षणसाधने घडवताना ती वापरणारी मुले, त्यांचे पालक, शिक्षक व उपचारतज्ज्ञ यांना रचनेच्या निर्णयांत सामील करून घेण्याची पद्धत होय. तयार साधनाची मुलांकडून चाचणी करून घेणे एवढाच सहभाग येथे अभिप्रेत नसतो.

पार्श्वभूमी

सहभागी रचनेचा उगम १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात झाला. कामाच्या ठिकाणी संगणक येऊ लागल्यावर, ते कसे असावेत हे ठरवण्यात कामगारांचाही वाटा असावा, या मागणीतून ही पद्धत पुढे आली. मुलांच्या संदर्भात ॲलिसन ड्रुइन यांनी २००२ मध्ये वापरकर्ता, परीक्षक, माहितीदाता आणि रचनेतील भागीदार अशा चार भूमिका मांडल्या.

पद्धती

शब्दांतून मत मांडणे किंवा अनोळखी ठिकाणी गटात काम करणे अनेक स्वमग्न मुलांना अवघड जाते. त्यामुळे कामाचा क्रम चित्रांतून आधी दाखवणे, कामाचे लहान टप्पे पाडणे आणि मुलाच्या आवडीच्या विषयापासून आरंभ करणे असे उपाय योजले जातात. न बोलणाऱ्या मुलांची पसंती त्यांच्या कृती व हावभावांवरून जाणून घेतली जाते.

उदाहरणे

ब्रिटनमधील 'एकोज' प्रकल्पात सामाजिक संवादाच्या सरावासाठी मोठ्या स्पर्शपडद्यावर एक जादूई बाग साकारण्यात आली. आज्ञावलीतील चुका किंवा पात्राचे अनपेक्षित वागणे दिसताच काही मुले आपणहून मोठ्यांचे लक्ष तिकडे वेधत असल्याचे संशोधकांना आढळले. रचनाकारांना जो दोष वाटला, तो मुलांसाठी संवादाचे निमित्त ठरला. आयआयटी मुंबईत विकसित झालेले 'जेलो' हे चित्राधारित संवाद ॲप मराठीतही उपलब्ध आहे.

मर्यादा

पालक व शिक्षकांचे मत सहज मिळत असल्याने ते मुलाच्या मताची जागा घेण्याचा धोका असतो. नजरेला नजर देणे यांसारखी उद्दिष्टे मोठ्यांनी आधीच ठरवली असतील, तर मुलाला केवळ रंग वा चित्रे निवडण्यापुरताच वाव उरतो. शिवाय स्वमग्नतेचे स्वरूप व्यक्तीगणिक भिन्न असल्याने मोजक्या मुलांसह घडवलेले साधन सर्वांना उपयुक्त ठरेलच असे नाही.

पालकांची संमती घेतली, तरी मुलाने तोंड फिरवणे किंवा उठून जाणे हाही नकार मानला जावा, अशी अपेक्षा असते. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील कलम १२ नुसार, स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलांना आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.