कपाटातला प्रबंध

दोन वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातल्या विद्यार्थिनीची ईमेल आली. 'सर, पुलांची कंपनं मोजण्यावरचा तुमचा पेपर हवा होता. वेबसाइटवर पस्तीस डॉलर मागतात.' पस्तीस डॉलर म्हणजे तिच्या मेसचं महिन्याचं बिल! त्या पेपरचे मला स्वतःला आजवर पस्तीस सेंटही मिळालेले नाहीत. त्याच संध्याकाळी मी तिला प्रत पाठवली. पण ज्यांनी संकोचापायी लिहिलंच नाही, त्यांचं काय?

आपल्या मंडळात डॉक्टरेटवाल्यांना तोटा नाही. प्रबंध झाला, नोकरी लागली, प्रबंध कपाटात गेला. आपलं काम आपणच चारचौघांत पुढे करणं म्हणजे मिरवणं, अशी आपली समजूत. मीही त्यातलाच.

भौतिकशास्त्रवाल्यांनी ही भीड कधीच सोडली. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोस इथे पेपर छापून येण्याआधीच सर्वांना पोचवणारी एक यंत्रणा सुरू केली. तीच 'आर्काइव्ह', २००१ मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठात आली. तिथे पेपर ठेवायला पैसे पडत नाहीत, वाचायलाही नाहीत. ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाने प्वॉन्कारेच्या जवळजवळ शतकभर अडलेल्या कोड्याची उकल २००२-०३ मध्ये तिथेच ठेवली आणि कुठल्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही. (आपण पेरेलमान नाही, आपण पाठवावी.)

छापून झालेल्या पेपरचंही बरंच काही करता येतं. प्रकाशकाने सजवलेली प्रत सहसा ठेवता येत नाही. पण परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे सुधारलेली आपली स्वतःची शेवटची प्रत विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायला पुष्कळ प्रकाशक परवानगी देतात, काही जण ठरावीक मुदतीनंतर. करारपत्रात ते लिहिलेलं असतं. मी तेव्हा न वाचताच सही ठोकली होती. भारतात आता पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'शोधगंगा' आहे आणि ती कुणालाही खुली आहे.

खरा घोळ होतो तो नावांचा. आमच्या घरचंच उदाहरण सांगतो. हिचे लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या. एकात वडिलांचं आद्याक्षर, दुसऱ्यात माझं. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका! बढतीच्या वेळी समितीने एकीचेच पेपर मोजले. बढती एक वर्ष लांबली. यावर उपाय म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेला 'ऑर्किड' क्रमांक. सोळा स्थानांचा, फुकट, जन्मभराचा. पेपरला जसा डीओआय, तसा हा माणसाला. नाव बदला, नोकरी बदला, देश बदला, क्रमांक तोच. हिने एका रविवारी बसून दोन्ही नावांचे पेपर त्याला जोडले.

मीही जुन्या हार्ड डिस्कवरून माझी शेवटची प्रत शोधून काढली. करारपत्र या वेळी वाचलं, मुदत उलटून गेली होती. पण प्रत आर्काइव्हवर चढवण्याआधी एक दुरुस्ती करावी लागली. सांगलीच्या त्या मुलीने आभाराच्या उत्तरात शेवटी भीतभीत विचारलं होतं, 'सर, सातव्या समीकरणात वजाचं चिन्ह राहिलंय का?'

राहिलं होतं.